समाजसेवा आणि सेवाशिक्षण यांतला फरक

शाळांच्या सहशालेय उपक्रमांविषयी बोलताना ‘समाजसेवा’ आणि ‘सेवाशिक्षण’ हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. असे होणे स्वाभाविक आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत तेच दृश्य दिसते: वर्गाबाहेर पडलेली मुले आणि त्यांनी दुसऱ्यांसाठी मनापासून केलेले काम. या दोहोंतला फरक कामाच्या आधी आणि कामानंतर जे घडते त्यात असतो, आणि मुलाच्या घडणीच्या दृष्टीने तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

समाजसेवेचा हेतू सरळ असतो. कोणाची तरी गरज आहे, ती भागवायची; सेवा करणाऱ्याला त्यातून काही शिकायला मिळाले तर उत्तमच, पण त्यासाठी ते काम हाती घेतलेले नसते. सेवाशिक्षणात मात्र गरज भागवणे आणि शिकणे ही दोन्ही उद्दिष्टे आधीच ठरवलेली असतात आणि एकासाठी दुसऱ्याचा बळी दिला जात नाही. ही संज्ञा १९६७ च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमसे या शिक्षणतज्ज्ञांच्या कामातून रुजली. पुढे १९९६ मध्ये अँड्र्यू फर्को या शिक्षण-अभ्यासकांनी अशा उपक्रमांना दोन प्रश्न लावून पाहिले: लाभ मुख्यतः कोणाला व्हावा अशी अपेक्षा आहे, आणि भर सेवेवर आहे की शिकण्यावर? त्यांच्या मांडणीत एका टोकाला निखळ स्वयंसेवा येते, दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याच्याच प्रगतीसाठी असलेली कामाची उमेदवारी (इंटर्नशिप) येते आणि सेवाशिक्षण या दोहोंच्या मध्ये, तोल सांभाळून उभे राहते.

समजा, एका शाळेची मुले दर आठवड्याला वृद्धाश्रमात जाऊन तिथल्या आजी-आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात. ही चांगली समाजसेवा आहे. याच कामाचे सेवाशिक्षण करायचे झाले, तर सुरुवात भेटीच्या कितीतरी आधी होते. वय वाढताना दृष्टी आणि श्रवण यांत काय बदल होतात, हे मुले विज्ञानाच्या तासाला समजून घेतात. मुलाखत कशी घ्यावी, समोरचा बोलता बोलता थांबला तर आपण किती वेळ गप्प राहावे, याचा सराव भाषेच्या तासाला होतो. मग पहिल्या भेटीत मुले काहीही वाचून न दाखवता केवळ विचारतात, की तुम्हाला आमच्याकडून काय हवे आहे? कदाचित असे कळते की वर्तमानपत्र बहुतेकांना स्वतःच वाचता येते. अडते ते दूर असलेल्या नातेवाइकांशी फोनवर चित्रसंवाद साधताना. अशा वेळी योजना बदलावी लागते आणि हा बदल मुलांनीच करायचा असतो. आपण मनात धरलेली गरज आणि समोरच्याची खरी गरज यांत अंतर असू शकते, हे तेराव्या-चौदाव्या वर्षी अनुभवाने उमगणे ही फार मोठी गोष्ट आहे. ते उपदेशाने साधत नाही.

कामानंतरचा भाग चिंतनाचा. केवळ अनुभव घेतला म्हणून माणूस शिकतोच असे नाही, काही अनुभव तर पुढच्या शिकण्याची वाटच अडवतात, असे अमेरिकी शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९३८ मध्येच मांडले होते. वृद्धाश्रमातून परतलेल्या मुलाच्या मनात ‘म्हातारी माणसे बिचारी असतात’ एवढेच उरले, तर त्या सेवेने त्याचा पूर्वग्रह अधिक घट्ट केला. म्हणून काय घडले, त्याचा अर्थ काय आणि आता पुढे काय करायचे, हे तीन प्रश्न घेऊन मुलांनी लिहायचे, बोलायचे, प्रसंगी वादही घालायचा. शिक्षकाचे खरे कौशल्य इथे लागते, आणि घाईत हाच भाग सर्वांत आधी गाळला जातो.

नियमांतही हा फरक दिसतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात माध्यमिक शिक्षण पूर्ण करताना ४० तासांचा समाजसहभाग लागतो आणि तो शाळेच्या तासांबाहेर करायचा असतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १९९२ मध्ये जी अट घातली, तिच्या ७५ तासांत पूर्वतयारी, प्रत्यक्ष कृती आणि चिंतन हे तिन्ही टप्पे अपेक्षित आहेत. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या, शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी असलेल्या पदविका अभ्यासक्रमात सर्जनशीलता, शारीरिक कृती आणि सेवा यांचा मिळून एक अनिवार्य भाग असतो. तिथे तर तास मोजणेच सोडून दिले असून, किमान अठरा महिने सातत्य आणि त्या काळातील चिंतन यांना महत्त्व दिले आहे. तास मोजणे सोपे असते, हे मान्य. पण तासांच्या नोंदीवरून मूल किती वेळ तिथे होते एवढेच कळते.

याचा अर्थ समाजसेवा कमी दर्जाची, असा मुळीच नाही. पुरात घरदार गमावलेल्यांपर्यंत कपडे पोहोचवायचे असताना आधी अभ्यासक्रमाशी जोड शोधत बसणे निष्ठुरपणाचे ठरेल. शिवाय ठरल्या वेळी हजर राहणे आणि कंटाळवाणे कामही नीट करणे या सवयी साध्या सेवेतूनही अंगी बाणतात.

उलट, सेवाशिक्षणालाच एक मोठा धोका असतो. मुलांच्या शिकण्यावर इतका भर दिला जातो की ज्यांच्यासाठी जायचे ती माणसे अभ्यासाचे साहित्य बनतात. त्यांच्या आठवणी प्रकल्पवहीत उतरतात, वर्ष संपते आणि पुन्हा कोणी फिरकत नाही. सिग्मन यांनी १९७९ मध्ये सेवाशिक्षणाची तीन तत्त्वे मांडली, त्यांतले पहिलेच असे, की दिल्या जाणाऱ्या सेवेवर नियंत्रण सेवा घेणाऱ्यांचे असावे. त्या आजी-आजोबांनी ‘आमच्या आठवणी वहीत नकोत, फक्त फोन शिकवा’ असे सांगितले, तर प्रकल्प अपुरा राहिला तरी चालेल, पण त्यांचे ऐकायला हवे.