छोट्या विमानातले जुने रडार आणि स्टॉर्मस्कोप: दुरुस्त करावे की उतरवावे?

टेस्टचे बटण दाबले, पडद्यावर पट्टे नीट उमटले, म्हणजे रडार ठीक आहे असे बरेच जण धरून चालतात. जुन्या अनेक संचांत टेस्ट चालू असताना लहरी बाहेर जातच नाहीत. ते पट्टे पडदा आणि त्यामागची सर्किटे जिवंत असल्याचे सांगतात, इतकेच. मॅग्नेट्रॉन (रडारच्या लहरी निर्माण करणारा भाग) मेलेला असला तरी टेस्ट सुरेख येते. म्हणून दुरुस्तीचा निर्णय टेस्टवरून घेऊ नका आणि पडदा काळा पडला म्हणून सगळा संच भंगारातही काढू नका. आधी दोष नेमका कुठे आहे ते कळले पाहिजे.

अमेरिकेतले मालक आज जुने रडार सहज उतरवतात, कारण तिथे जमिनीवरच्या केंद्रांकडून एडीएस-बी या रेडिओ जोडणीवर आणि उपग्रहावरून सिरियस एक्सएम या सेवेवर हवामानाची चित्रे थेट कॉकपिटमध्ये येतात. या दोन्ही सेवा भारतात मिळत नाहीत. मुंबई, नागपूर, गोवा इथल्या हवामान खात्याच्या डॉप्लर रडारची चित्रे उड्डाणापूर्वी जरूर पाहा, पण मे महिन्यात मराठवाड्यावर दुपारी उठणारा वळवाचा ढग तुम्ही उडाल्यानंतरही वाढतो. त्या वेळी विमानावरच्या यंत्राचाच आधार असतो. तिकडचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये, असे दुरुस्ती करणारे म्हणून आमचे स्पष्ट मत आहे.

दोन यंत्रे, दोन वेगळ्या गोष्टी

रडार पाऊस दाखवते. स्टॉर्मस्कोप ढगातल्या विजा टिपतो, पाऊस त्याला दिसत नाही. वळवाच्या ढगात वीज भरपूर असते, तिथे स्टॉर्मस्कोप उत्तम चालतो. जुलैत कोकणात आणि घाटमाथ्यावर मात्र धो धो पाऊस पडत असूनही विजा कमी असतात, त्यामुळे स्टॉर्मस्कोपचा पडदा जवळजवळ कोरा राहू शकतो. तो बिघाड नव्हे. उलट मुसळधार पावसाच्या भिंतीमागे काय आहे हे रडारला दिसत नाही, कारण ३ सेंटिमीटरच्या आसपासची त्याची लहर त्या पावसातच शोषली जाते. पडद्यावर पावसामागे दिसणारी काळी जागा मोकळी वाट समजू नका.

सेसना १७२सारख्या एका इंजिनाच्या विमानात नाकावर पंखा असल्याने रडारला तिथे जागा नसते. तिथे प्रश्न फक्त स्टॉर्मस्कोपचा.

रडारची तपासणी

स्वच्छ हवेत १०,००० फुटांवर सरळ उडताना अँटेनाचा कोन हळूहळू खाली आणा आणि जमिनीचे प्रतिबिंब जास्तीत जास्त किती मैलांपर्यंत मिळते ते लॉगमध्ये लिहा. कोकणचा किनारा यासाठी उत्तम: जमीन ठळक, समुद्र फिका, आणि कडा नकाशाशी ताडून पाहता येते. दर हंगामाच्या आधी, त्याच उंचीवर हा आकडा घ्या. तो वर्षागणिक घटत असेल तर मॅग्नेट्रॉन थकला आहे किंवा रेडोम (अँटेनावरचे नाकाचे टोपण) लहरी अडवतो आहे.

रेडोमचा संशय आधी घ्या, कारण तो स्वस्तात सुटतो. एका दिशेने ७० टक्के लहरी पार होत असतील तर जाऊन परत येताना फक्त ४९ टक्के उरतात. रंगाचे थरावर थर, आतल्या जाळीत मुरलेले पाणी, गारांच्या माराने सुटलेले पदर, पुट्टी भरून केलेली डागडुजी ही नेहमीची कारणे. नाण्याने हलके ठोकत जा; टणक आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे पदर सुटला आहे. धातूचा चुरा असलेला चंदेरी रंग रेडोमवर कधीही लावू नये.

चित्रात मध्यापासून बाहेर आऱ्यांसारख्या रेषा आल्या तर बहुधा वारंवारता जुळवणारे सर्किट बिघडलेले असते. वळण घेताना एकाच बाजूला जमीन दिसू लागली तर जायरोकडून (विमानाचा कल सांगणाऱ्या यंत्राकडून) येणारा संकेत किंवा त्याची जुळणी तपासा, रडारचा डबा उघडायची घाई नको. चित्र एका बाजूला अडकले तर अँटेनाची मोटर किंवा गिअर.

एक तक्रार मुळात बिघाडाची नसते: “६० मैलांपलीकडचे ढग नीट दिसत नाहीत.” दहा इंची अँटेनाचा झोत सुमारे १० अंशांचा असतो. एक अंश म्हणजे दर मैलाला सुमारे १०० फूट, म्हणजे ६० मैलांवर झोत ६०,००० फूट रुंद. ढग तो भरूच शकत नाही आणि प्रतिध्वनी क्षीण होतो. यावर दुरुस्ती नाही.

स्टॉर्मस्कोपची तपासणी

निरभ्र दिवशी इंजिन चालू करून अल्टरनेटर, स्ट्रोब दिवे, ऑटोपायलट एकेक करून चालू-बंद करा. ठिपके नेहमी एकाच दिशेला येत असतील तर ते विमानातले विद्युत गोंगाट आहेत. अर्थिंगच्या पट्ट्या, अल्टरनेटरचा फिल्टर आणि अँटेनाच्या कनेक्टरमधला ओलावा पाहा. रेडिओवर बोलताना ठिपके उमटत असतील तर बोलण्याच्या वेळी संच थांबवणारी वायर तुटलेली असते. डावे-उजवे उलटे दिसत असेल तर अँटेना पोटाखाली की पाठीवर, ही जोडणी चुकली आहे.

वळवाच्या दिवशी विमान जमिनीवर, इंजिन बंद ठेवून २५ मैलांच्या पल्ल्यावरचे ठिपके पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या, विजा दाखवणाऱ्या दामिनी ॲपशी ताडा. दिशा जुळली पाहिजे. अंतर थोडे चुकले तर चालते, कारण हे यंत्र अंतर संकेताच्या ताकदीवरून काढते आणि जोरदार वीज जवळची भासते.

खर्च कशावर करावा

दोष रेडोम, कनेक्टर, वायरिंग, जायरो किंवा अँटेनाच्या मोटरमध्ये असेल तर दुरुस्ती करा. मॅग्नेट्रॉन एकटाच गेला असेल, पडदा तेजस्वी असेल आणि आधीचे दुरुस्तीचे कागद असतील, तर एकदा बदलणे योग्य. पडद्याची काचेची नळी मंद झाली असेल तर थांबा. तशा नव्या नळ्या आता जवळजवळ मिळत नाहीत. भंगारातल्या संचातून काढलेली नळीही तितकीच म्हातारी असते. नळी आणि मॅग्नेट्रॉन दोन्ही थकले असतील तर आम्ही दुरुस्तीचे काम घेत नाही. तो पैसा गार्मिन जीडब्ल्यूएक्स मालिकेतल्या मॅग्नेट्रॉन नसलेल्या रडारकडे वळवा. आधी तुमचा स्क्रीन त्याला चालतो का ते आमच्याकडून पाहून घ्या.

स्टॉर्मस्कोपमध्ये डब्ल्यूएक्स-५०० वाचवण्यासारखा, कारण तो स्वतंत्र पडद्याऐवजी गार्मिन ४३०, ५३०सारख्या स्क्रीनवर दिसतो. डब्ल्यूएक्स-१००० चा प्रोसेसर चांगला असेल तर ठेवा. डब्ल्यूएक्स-१० वर मात्र आता खर्च करू नये.

विमान आणताना लॉगबुक, वायरिंगचे आराखडे आणि रेडोम शेवटचा कधी रंगवला याची नोंद आणा. दुरुस्त होऊन आलेल्या भागासोबत सीए फॉर्म १ (भाग वापरण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र) किंवा तुमच्या कॅमोला, म्हणजे विमानाची उड्डाणयोग्यता सांभाळणाऱ्या संस्थेला, मान्य असलेले प्रमाणपत्र हवे. संच उतरवायचा ठरला तर नाकातले वजन कमी होऊन गुरुत्वमध्य मागे सरकतो. वजन-तोलाचा नवा अहवाल आणि उपकरणांची यादी बदलल्याशिवाय विमान बाहेर नेऊ नका. आणि तोपर्यंत हँगरमध्ये, इंधन भरताना किंवा नाकासमोर माणूस उभा असताना रडार प्रक्षेपणावर ठेवू नका. जवळच्या पत्र्यावरून परतलेली लहर रिसीव्हरचे डायोडही जाळते.