पार्श्वभूमी: कॉलेज फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक कसा घडतो

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत मोठा आकडा राज्यपालांच्या नावापुढे नसतो, सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकापुढे असतो. हा फुटबॉल लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. ग्रॅज्युएट असिस्टंट, मग एखाद्या स्थानावर खेळणाऱ्या गटाचा प्रशिक्षक, मग कोऑर्डिनेटर (चढाईचा किंवा बचावाचा प्रमुख) आणि शेवटी मुख्य प्रशिक्षक, अशी या नोकरीची आज रुळलेली चढण आहे. खेळाच्या आणि प्रशिक्षक-खेळाडू भरतीच्या नियमांत होत गेलेल्या बदलांनी ती घडवली.

सुरुवातीला हा पेशाच नव्हता. 1880च्या दशकात खेळाचे मूळ नियम बसवणारे येल विद्यापीठाचे वॉल्टर कॅम्प पोटापाण्यासाठी घड्याळाच्या कारखान्यात नोकरी करत आणि संघाला सल्ला देत. 1892 साली शिकागो विद्यापीठाने अ‍ॅमोस अलोन्झो स्टॅग यांना अध्यापकांच्या बरोबरीने कायम जागा दिली, तिथून प्रशिक्षकाला संस्थेत स्थान मिळालं. 1905 साली हार्वर्डने 26 वर्षांच्या बिल रीड यांना 7,000 डॉलर दिले. हार्वर्डच्या कुठल्याही प्राध्यापकाला तेव्हा इतका पगार नव्हता. त्यावर जी ओरड झाली ती आजतागायत थांबलेली नाही.

सहाय्यकांची फौज मात्र बरीच उशिरा उभी राहिली, आणि त्याला कारण खेळाडू बदलण्याचा नियम. आधी तेच 11 खेळाडू चढाईही करत आणि बचावही. 1941 साली बदलीवरची बंधनं सैल झाली, 1953 मध्ये पुन्हा आवळली गेली आणि 1965 पासून ती जवळजवळ पूर्ण उठली. चढाईचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा झाला. दोन संघ म्हटल्यावर त्यांना दोन प्रमुख लागले, म्हणजेच ऑफेन्स आणि डिफेन्स कोऑर्डिनेटर, आणि त्यांच्या हाताखाली लाइन (समोरासमोर भिडणारे), लाइनबॅकर (बचावात त्यांच्या मागे उभे राहणारे), क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) अशा प्रत्येक गटाला स्वतंत्र माणूस. मधल्या पायऱ्या तयार झाल्या त्या अशा.

सर्वांत खालची पायरी ग्रॅज्युएट असिस्टंटची. पदव्युत्तर वर्गात नाव घालायचं, फी माफ, वर थोडं विद्यावेतन. काम मुख्यतः दोन प्रकारचं. पहिलं म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचं चित्रण चालीगणिक फोडून नोंदवणं: कितवा डाउन (10 यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवे होते, कोणती रचना, मैदानावर कोण कोण, चेंडू कोणत्या हॅशवर (मैदानावर लांबीच्या दिशेने आखलेल्या खुणांच्या दोन ओळींपैकी कोणत्या). हॅशची नोंद क्षुल्लक वाटते, पण तिच्यावाचून बाकीच्या नोंदी आंधळ्या. कॉलेजचं मैदान 160 फूट रुंद असतं आणि हॅश जवळच्या कडेपासून 60 फुटांवर. म्हणजे चेंडू एका हॅशवर असेल तर एका बाजूला 60 फूट जागा उरते, दुसऱ्या बाजूला 100. चढाईचे प्रशिक्षक त्या मोकळ्या बाजूचा हिशोब धरूनच चाली निवडतात.

दुसरं काम सराव संघासाठी कार्डं काढायचं. प्रतिस्पर्ध्याची चाल मोठ्या कार्डावर जाड मार्करने काढायची, राखीव खेळाडूंनी ती पाहून तशीच खेळायची आणि मुख्य बचावाने तिच्यावर सराव करायचा. कार्डावर टाइट एंड (चढाईच्या लाइनच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू) चुकून डावीऐवजी उजवीकडे काढला, तर लाइनबॅकर आठवडाभर उलट्या बाजूने सरकायला शिकतात आणि शनिवारी सामन्यात तिथेच खिंडार पडतं. इतक्या खालच्या माणसाच्या हातात इतका नेमका भाग असतो, म्हणूनच वरिष्ठ नजर ठेवून असतात आणि पुढची शिफारस बहुतेकदा इथल्या कामावरून होते.

अलाबामा विद्यापीठाचे माजी मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांची कारकीर्द या शिडीचा जवळजवळ नकाशाच आहे. 1973 साली केंट स्टेटचे प्रशिक्षक डॉन जेम्स यांनी आपल्या या माजी खेळाडूला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून ठेवून घेतलं. पुढे सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट. 1981च्या हंगामानंतर ओहायो स्टेटने बचावाच्या इतर सहाय्यकांसोबत त्यांनाही काढलं. मग 1982 मध्ये नेव्ही, 1983 पासून मिशिगन स्टेटमध्ये डिफेन्स कोऑर्डिनेटर, त्यानंतर दोन हंगाम व्यावसायिक ह्यूस्टन ऑइलर्स. पहिलं मुख्य प्रशिक्षकपद 1990 साली टोलेडोत मिळालं, म्हणजे 17 वर्षांत 7 संघ फिरल्यावर. तिथे 9 विजय, 2 पराभव. आणि वर्षभरातच ते व्यावसायिक क्लीव्हलंड ब्राउन्सकडे बिल बेलिचिक यांचे कोऑर्डिनेटर म्हणून गेले. बिल यांचे वडील स्टीव नेव्हीत दीर्घकाळ सहाय्यक होते. या धंद्यात ओळखी अशा जुन्या नोकऱ्यांतून पिकतात.

पुढचं सर्वश्रुत आहे: मिशिगन स्टेट, एलएसयूत (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) 2003चं राष्ट्रीय विजेतेपद, व्यावसायिक मायामी डॉल्फिन्सबरोबर 15 विजय आणि 17 पराभवांची दोन फसलेली वर्षं, आणि 2007 पासून अलाबामात सहा विजेतेपदं. पहिल्या हंगामात अलाबामा 7-6वर (7 विजय, 6 पराभव) अडकला होता, लुइझियाना-मन्रोसारख्या लहान संघाकडूनही हरला होता. 10 जानेवारी 2024 रोजी सेबन निवृत्त झाले.

ओळखीवर चालणाऱ्या या वाटेने अनेकांना बाहेरही ठेवलं, आणि हा भाग विसरून तिचा इतिहास सांगताच येणार नाही. एडी रॉबिन्सन यांनी ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात 1941 ते 1997 या काळात 408 सामने जिंकले, पण त्यांच्यासारख्यांना मोठ्या गोऱ्या विद्यापीठांची दारं बंद होती. विली जेफ्रीज 1979 साली विचिटा स्टेटमध्ये कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाले. दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या एसईसी या स्पर्धागटाला सिल्व्हेस्टर क्रूम यांच्या रूपाने तो दिवस पाहायला 2004 उजाडलं.

सेबन यांच्याच हाताखालून निघालेल्या एकाने उलटी वाट धरली. कर्ट सिग्नेटी 2007 ते 2010 अलाबामात वाइड रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) आणि खेळाडू भरती सांभाळत होते. कोऑर्डिनेटरपदाची वाट न पाहता 2011 साली कमी पगारावर ते आययूपी या दुसऱ्या दर्जाच्या संघात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. तिथे खेळाडूंसाठी शिष्यवृत्त्या जास्तीत जास्त 36. नंतर इलॉन आणि जेम्स मॅडिसन, त्या दर्जात तेव्हा मर्यादा 63; जेम्स मॅडिसन 2022 साली तेव्हा 85 शिष्यवृत्त्या असलेल्या वरच्या गटात आलं. कमी शिष्यवृत्त्यांत संघ बांधायचा म्हणजे एकाच खेळाडूची रक्कम दोघातिघांत वाटायची आणि निवड चुकली तर झाकायला जागा नाही. कोऑर्डिनेटरला अंदाजपत्रक, पालक, शिस्त, चौथ्या डाउनचा निर्णय यांतलं काहीच पूर्णपणे स्वतःच्या अंगावर घ्यावं लागत नाही. सिग्नेटी यांनी ते 13 वर्षं लहान संघांत केलं. ही वाट जास्त विद्यापीठांनी तपासायला हवी होती.

2024 साली ते इंडियाना विद्यापीठात आले तेव्हा आधीच्या हंगामात संघ 3-9 होता. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) आता खेळाडूंनाही प्रशिक्षकामागे जाता येतं, आणि जेम्स मॅडिसनचे 13 खेळाडू त्यांच्याबरोबर आले. तो हंगाम 11-2वर संपला.

त्याच वर्षी शिडीची खालची बाजूही बदलली. मैदानावर शिकवू शकणाऱ्या सहाय्यकांची संख्या आधी 9 आणि 2018 पासून 10वर बांधलेली होती. बाकीच्या विश्लेषकांना, म्हणजे पडद्यामागे चित्रण आणि डावपेच पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना, खेळाडूंना काही शिकवायला मनाई होती. जून 2024 मध्ये ही मनाई उठली. बाहेर जाऊन भरती करणाऱ्यांची मर्यादा कायम आहे, पण विश्लेषकाला आता सरावात थेट खेळाडूशी बोलता येतं. श्रीमंत विद्यापीठं अनुभवी, नोकरी गेलेल्या प्रशिक्षकांना या जागांवर घेतात, त्यामुळे कार्डं काढत बसलेल्या तरुणाला पहिला गट हाती मिळायला पूर्वीपेक्षा जास्त माणसांच्या रांगेत उभं राहावं लागतं.