थंडीआधी परसातली भाजी कशी काढावी, कशी ठेवावी
(आमच्या रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी)

दसरा झाला की दुकानात एकच प्रश्न येतो, "वेल वाळायला लागलाय, फळं काढू की राहू देऊ?" दरवेळी तोंडी सांगतो, त्यात निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून यंदा हा कागद छापलाय. बियाणं आमच्याकडून नेलेलं नसलं तरी चालेल.

डांगर आणि कोहळा

डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, रंगावर जाऊ नका. नखाने साल दाबून बघा. नख रुतलं तर अजून आठवडाभर वेलावर राहू द्या. नख रुतत नाही, देठ लाकडासारखा वाळलाय आणि पानं पिवळी पडलीत, म्हणजे फळ तयार झालं. पिरगळू नका, ओढूही नका. तीन-चार बोटं देठ राखून कात्रीने कापा आणि देठाला धरून कधीच उचलू नका.

हे आम्ही हात पोळून शिकलोय. दोन वर्षांपूर्वी घरच्या वेलावरचं चांगलं सहा किलोंचं डांगर पोराने देठ धरून उचललं, देठ हातात आणि डांगर खाली. फळ दिसायला धड होतं, म्हणून माळ्यावर ठेवून दिलं. पंधरा दिवसांनी फळीच्या फटीतून तपकिरी पाणी ठिबकायला लागलं, तेही बरोबर पाहुण्यांच्या गाद्यांवर. देठ तुटल्याजागी बुरशी शिरली होती. असं फळ ठेवायचं नाही, त्याच आठवड्यात घारगे करून संपवायचं.

धड फळं काढल्यावर ८-१० दिवस उबेत, कोरड्या जागी ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्याचा आम्हाला ठाऊक असलेला हा एकच फायदा! साल टणक होते, बारीक खरचटे भरून येतात. मग हवेशीर खोलीत पोत्यावर, एकमेकांना टेकणार नाहीत अशी मांडा. दोन-तीन महिने सहज टिकतात.

कोहळ्यावरची पांढरी भुकटी पुसू नका. ते त्याचं मेण आहे, आतलं पाणी तेच धरून ठेवतं. कोकणात पावसाळी तवशी (मोठ्या काकड्या) दोरीने बांधून वाशाला टांगतात, त्यामागेही तोच हिशोब: चारी बाजूंनी वारा लागतो आणि फळ कुठेच टेकत नाही.

टोमॅटो

नाशिक-निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली येतो, तेव्हा झाडावरचे टोमॅटो लाल व्हायचं नाव घेत नाहीत. खालच्या टोकाला पांढुरकी-गुलाबी झाक आलेले काढून घ्या आणि खोक्यात कागद घालून एका थरात ठेवा. सोबत एक पिकलं केळं टाका, त्याच्या वायूने टोमॅटो लवकर पिकतात. गडद हिरवे, कोवळे मात्र पिकणार नाहीत. त्यांची दाण्याचं कूट घालून चटणी करा.

जमिनीखालचं

सुरणाची पानं पिवळी पडून आडवी झाली की पाणी तोडा आणि मगच खणा. कुदळ लांबून घाला, कारण घाव लागलेला गड्डा ठेवला तर कुजतो. माती हातानेच झाडायची, धुवायचं नाही. सावलीत सुकवून कोरड्या वाळूत ठेवा. रताळ्यांनाही पाणी लावू नका. ती चार-पाच दिवस उबदार सावलीत राहिली की साल धरते आणि गोडीही वाढते.

मुळा-गाजराचा पाला उपटल्या उपटल्या कापा, नाहीतर तो मुळातलं पाणी ओढतो आणि संध्याकाळपर्यंत गाजर रबरासारखं वाकतं. पाल्याची भाजी त्याच दिवशी करा.

मिरची

लाल झालेल्या मिरच्या देठासकट तोडा आणि देठासकटच वाळवा. हलवल्यावर आत बी खुळखुळलं की डब्यात भरा. वाकवल्यावर नुसतीच वाकत असेल तर अजून ऊन हवं. रात्री दव पडतं, तेव्हा सूप घरात घ्यायला विसरू नका.

फ्रिजमध्ये काय नको

टोमॅटो, रताळी, अख्खं डांगर बाहेरच राहू द्या. रताळं फ्रिजमध्ये ठेवलं तर आतून टणक होतं, नंतर कितीही उकडलं तरी मधला भाग शिजत नाही. वांगी-भेंडीलाही फार गारठा सोसत नाही, दोन-तीन दिवसांत संपवा. पालेभाजी मात्र न धुता, सुती फडक्यात गुंडाळून खुशाल आत ठेवा.

बी धरायचं असेल तर

आमच्या धंद्याला मारक आहे, तरी सांगतो. गावठी वालाच्या, चवळीच्या चार-पाच चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्या. दाणे काढून राखेत घोळवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर ही मेहनत करू नका, पुढचं पीक तसंच येईल याचा भरवसा नाही.

देठाबद्दल शंका असेल तर फळाचा फोटो काढून आणा. सोमवारी आम्ही बंद असतो. कोरडी चाळलेली वाळू हवी असल्यास पिशवी घेऊन या, तिचे पैसे घेत नाही.