फ्रीझरचा उपाय आला कुठून?

चवथीच्या दोन दिवस आधी आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या नाट्यमंडळाची हार्ड डिस्क बंद पडली. जत्रेतल्या उत्सवी नाटकांची अकरा वर्षांची चित्रणं तिच्यात होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. जोडली की टक्, टक्, टक्, थोडा वेळ शांतता, पुन्हा टक्. कुणीतरी सांगितलं, पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. आम्ही ठेवली. सकाळी पिशवीतून काढताकाढता धातूच्या डबीवर दव धरलं. पुसली, जोडली. आता टकटक नव्हती, खरखर होती.

सांगणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. असे उपाय एके काळी खरोखर लागू पडायचे. मधल्या काळात डिस्क बदलत गेली आणि उपाय मात्र तोंडोतोंडी तसेच राहिले.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने 1956 मध्ये रॅमॅक या यंत्रासोबत आणली. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या आणि त्यांत मिळून 50 लाख अक्षरं, म्हणजे आजच्या फोनवरचा एखादा फोटो. 1973 मध्ये त्याच कंपनीच्या ‘विंचेस्टर’ डिस्कने हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, आणि तबकड्या एकाच बंद डब्यात घातल्या. तबकडी फिरताना हेड हवेच्या पातळ थरावर तरंगायचं, वीज गेली की तबकडीवरच टेकायचं. 1980 मध्ये सीगेट कंपनीची 5 मेगाबाइटची सव्वापाच इंची डिस्क आली आणि हे तंत्र टेबलावरच्या संगणकांत शिरलं.

टेकलेलं हेड कधीकधी तबकडीला चिकटून बसायचं. तबकडी गुळगुळीत, तिच्यावर वंगणाचा थर, त्यात हवेतला ओलावा. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सुटत नाहीत, तसाच हा प्रकार. मग मोटर फिरेना. अशा वेळी डिस्क हातात धरून मनगटाने हलका झटका दिला की हेड सुटायचं, डिस्क चालू व्हायची आणि तेवढ्यात डेटा उतरवून घेता यायचा. तापल्यावर दगा देणारा एखादा भाग गार केला की थोडा वेळ चालायचा, हेही खरं. सर्किट बोर्ड जळला तर त्याच मॉडेलचा दुसरा लावून काम भागायचं.

नंतर हे सगळं बदललं. तबकडी थांबली की हेड तिच्यावर न टेकता बाजूच्या उतारावर चढून बसू लागलं, त्यामुळे चिकटण्याचा प्रश्न बराचसा मिटला. बोर्डावरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मोजमापं साठवली जाऊ लागली. तीही चिप उचलून नव्या बोर्डावर लावल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून काही होत नाही. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर तर काही नॅनोमीटरवर आलं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. टकटक म्हणजे हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत आणि ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. खराब झालेलं हेड अशा प्रत्येक प्रयत्नात तबकडी खरवडू शकतं. बहुतेक डिस्कना हवेसाठी एक बारीक, गाळणी लावलेलं छिद्र असतं. गोव्याच्या ऑगस्टमधल्या हवेत गारठलेली डिस्क आणणं म्हणजे आत पाणी धरायला बोलावणं.

याउलट, आगीतून गेलेली डिस्कही वाचू शकते. 2003 मध्ये कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्याच्या अवशेषांत सीगेटची एक डिस्क सापडली. बाहेरून जळून वितळलेली. बिघडलेल्या डिस्कमधला डेटा परत मिळवणाऱ्या ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या साफ करून नव्या सांगाड्यात बसवल्या आणि झेनॉन वायूवरच्या प्रयोगाचा सुमारे 99 टक्के डेटा परत मिळवला. प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये छापून आले. धूळ शिरून काही भाग खराब झाला होता, पण नेमका डेटा असलेला भाग शाबूत होता. डेटा असलेल्या जागेला ओरखडा गेला नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बिघडलेल्या डिस्कला कमीत कमी त्रास द्यायचा, ही समज सॉफ्टवेअरमध्येही उतरली. 2004 पासून फुकट मिळणारं जीएनयू डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येतो तो भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, अडखळणारी जागा ओलांडून पुढे जातं आणि अवघड तुकड्यांकडे शेवटी वळतं. बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा, नुकते दिसू लागलेल्या डिस्कसाठी ते चांगलं. टकटक सुरू झाली असेल तर तेही चालवू नये, केबल काढावी.

आमची डिस्क शेवटी मुंबईच्या प्रयोगशाळेत गेली. धूळमुक्त खोलीत उघडली, तशाच दुसऱ्या डिस्कचं हेड बसवलं. एका तबकडीवर गोल चरा पडला होता. फोनवरच्या तंत्रज्ञाने पहिलाच प्रश्न विचारला, “टकटक ऐकल्यावर किती वेळा चालू केली?” मी खरं ते सांगितलं. सात वर्षांची नाटकं धड आली. बाकीच्यांत आमच्या काकांनी केलेलं शेवटचं नाटक आहे. नांदी होते, पडदा सरकतो आणि काका विंगेतून यायच्या आधीच चित्र थांबतं.