दोरी द्यायची, पण झगडून

मासेमारीच्या रिळातली दोरी ताणकाट्याच्या (ओढ किलोत दाखवणाऱ्या काट्याच्या) आकड्याला बांधायची, काटा घट्ट धरायचा आणि हळूहळू मागे सरकत जायचं. काटा चढतो: तीन, चार, पाच, साडेपाच. मग स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, हिसका देऊन फिरतं, काटा चारवर आपटतो, पुन्हा वर सरकतो आणि स्पूल संथ फिरत राहिलं की साडेचारच्या आसपास थरथरत राहतो. आता या रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना रीळ करतं तो विरोध, किती म्हणायचा? साडेपाच, चार की साडेचार? खोक्यावर तर ठळक अक्षरांत '१० किलो' छापलेलं असतं.

समुद्रातला मोठा मासा गळाला लागला की पहिल्याच झेपेत शे-दोनशे मीटर दोरी ओढून नेऊ शकतो. दोरी धरून ठेवली तर तुटते, मोकळी सोडली तर ढिली पडून गळ निसटतो. म्हणून ती द्यायची, पण झगडून द्यायची. हे काम ड्रॅग करतो. जुन्या रिळांत मूठ थेट स्पूलला जोडलेली असे. मासा पळाला की मूठ उलटी गरगरायची आणि बोटं सोलवटून काढायची; रोखायला काय, तर अंगठ्याने स्पूलवर दाबायचा चामड्याचा तुकडा. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटाच्या समुद्रात विल्यम बोशेन यांनी १९१३ साली रॉड (गळाची काठी) आणि रिळावर तलवार मासा पकडला, तेव्हा त्यांच्या हातात ब्रुकलिनच्या ज्युलियस व्हॉम होफ यांनी बनवलेलं रीळ होतं. त्यात आतल्या चकत्या आवळायला मुठीपाशी चांदणीच्या आकाराचं चाक होतं. 'स्टार ड्रॅग' हे नाव त्या चाकावरून आलं.

मोटरसायकलचा क्लच उघडलेला पाहिला असेल तर ड्रॅग वेगळा समजावून सांगायची गरज नाही. एकाआड एक चकत्या. निम्म्या एका भागात अडकवलेल्या, निम्म्या दुसऱ्या भागात. त्या एकमेकींवर दाबल्या की घर्षण होतं, आणि ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की घसरतात. इथे एक गंमत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमोंताँ यांनी १६९९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार घर्षण स्पर्श करणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, दाबावर असतं. मग मोठ्या चकत्या कशाला? एक म्हणजे घर्षण आसापासून जितकं लांब होईल तितका त्याचा टॉर्क, म्हणजे फिरणं रोखणारा जोर, जास्त. दुसरं कारण उष्णता, त्याकडे येतोच. चकत्यांची संख्या वाढवण्याचा फायदा तर जवळपास फुकटचा आहे. आवळण्याचा दाब तोच राहतो, पण घासणाऱ्या प्रत्येक जोडीत तो नव्याने कामाला येतो.

आता सुरुवातीच्या त्या हिसक्याबद्दल. थांबलेली वस्तू हलवायला, हलती ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो. स्थितिक आणि गतिक घर्षणातला हा फरक शाळेत एका ओळीत उरकतात, इथे मात्र दोरी नेमकी त्यातच तुटते. मासा सरळ रेषेत पळत नाही. थांबतो, डोकं झटकतो, पुन्हा सुटतो, आणि प्रत्येक वेळी दोरीला तो पहिला हिसका सोसावा लागतो. कार्बन तंतूंच्या विणलेल्या चकत्या लोकप्रिय झाल्या त्यामागे हे मोठं कारण आहे. त्यांच्यात या दोन घर्षणांतलं अंतर कमी असतं, शिवाय त्या तापाला दाद देत नाहीत. डिजिटल काट्याने चाचणी घेणारे इथेच फसतात. सर्वोच्च आकडा धरून ठेवण्याची सोय चालू असेल तर काटा फक्त हिसका दाखवतो आणि आपण तोच ड्रॅग समजून बसतो. दोन आकडे लिहावेत, सुटतानाचा आणि चालतानाचा. त्यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकं रीळ चांगलं, असं मी तरी मानतो. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा मला हे अंतर जास्त सांगून जातं.

स्पूल किती भरलेलं आहे हेही लिहायला हवं. चकत्या देतात तो टॉर्क. दोरीवरचा ताण म्हणजे तो टॉर्क भागिले दोरीच्या थराची त्रिज्या. गुंडाळीचा व्यास ६० मिलिमीटर असताना ड्रॅग ५ किलो भरला, तर दोरी जाऊन व्यास ४० वर आल्यावर तो साडेसात किलो होतो. कुणी चाकाला हातही लावलेला नसतो.

त्यात रॉडची भर. दोरी रॉडवरच्या कड्यांमधून वळत जाते आणि प्रत्येक वळणावर घासते. खुंट्याला दोरीचे दोन-तीन वेढे देऊन एकटा खलाशी जहाज थोपवतो, तेच गणित इथेही चालतं. एकूण वळण ९० अंशांचं आणि घर्षणांक ०.१५ धरला तर ताण साधारण २५ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे रिळातून सरळ ओढून मोजलेले ४ किलो वाकलेल्या रॉडच्या टोकाशी ५ होतात. वर गाठीमुळे कमी होणारी ताकद आणि लांब दोरी पाण्यातून ओढली जाताना होणारा विरोध. म्हणून अनुभवी लोक ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ठेवतात. १५ किलोच्या दोरीला फार तर ५. हा भित्रेपणा वाटतो, पण वरची बेरीज केली की वाटेनासा होतो.

इथवरच्या चाचण्या दोन मीटर मागे चालून होतात. उष्णतेची होत नाही. १० किलो ड्रॅग म्हणजे सुमारे ९८ न्यूटन. मासा सेकंदाला १० मीटर पळाला तर चकत्यांमध्ये जवळजवळ १ किलोवॅट उष्णता तयार होते. तळहातात मावणाऱ्या यंत्राच्या पोटात इस्त्री चालू केल्यासारखंच. ३०० मीटरच्या धावेत साधारण २९ हजार ज्यूल जमतात. ३० अंशांवरचं १०० मिलिलिटर पाणी उकळीला आणायला तेवढे पुरतात. ग्रीस पातळ होतं, धातू फुगून चकत्यांवरचा दाब बदलतो, जुन्या फेल्टच्या चकत्या करपून गुळगुळीत होतात. म्हणून खरी चाचणी मोटरच्या ड्रमवर दोरी गुंडाळत, मध्ये लोड सेल (ताण मोजणारं उपकरण) बसवून घेतात आणि ताणाचा आलेख काढतात. दोरी सुटत जाईल तसा त्रिज्येमुळे आलेख हळूहळू चढणारच. तो हिशोब बाजूला काढल्यावर उरलेली रेघ सपाट आली तर कारागिरी चांगली. दातेरी आली तर चकत्या अडकून-सुटून चालताहेत.

राहिला खोक्यावरचा आकडा. तो बहुतेक वेळा चाक शेवटपर्यंत आवळून काढलेला असतो. त्या अवस्थेत चौकट वाकू लागते, बेअरिंगवर भार येतो आणि मूठ फिरवणं जड जातं. माणसाचं काय होतं तेही पाहा. रॉडचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात, पुढचा हात त्यापासून ४० सेंटिमीटरवर आणि वाकलेलं टोक आडव्या अंतराने १२० सेंटिमीटरवर. दोरीवर १० किलो आले की त्या हाताला ३० किलो पेलावे लागतात. २० किलोंवर ६०. हार्नेसशिवाय, म्हणजे भार अंगावर घेणाऱ्या पट्ट्यांशिवाय, किती मिनिटं टिकाल?

ताणकाटा नसेल तर बादली चालते. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, अधिक बादलीचं वजन. दोरीने ती उचलायची आणि स्पूल सुटतं का ते पाहायचं. यात फक्त सुटतानाचा आकडा कळतो, पण काहीच न मोजण्यापेक्षा बरा.

एक चाचणी मात्र मी कधीच चुकवत नाही. माझं एक जुनं रीळ समुद्रावरून आणून, ड्रॅग आवळलेलाच ठेवून, महिनाभर विसरलो होतो. काढून ओढलं तर पहिल्याच ओढीला काटा सातवर गेला. दुसऱ्या ओढीला साडेपाच. पाचव्या-सहाव्या ओढीनंतर नेहमीचे साडेचार. आत वाळलेलं मीठ आणि दबून चिकटलेल्या चकत्या, दुसरं काही नाही. तेव्हापासून रीळ ठेवताना ड्रॅग सैल करतो आणि पहिल्या ओढीचा आकडा वेगळा लिहितो. माशाच्या वाट्याला तीच पहिली ओढ येते.