लंडन, जॅक

लंडन, जॅक : (१२ जानेवारी १८७६–२२ नोव्हेंबर १९१६). अमेरिकन कादंबरीकार, कथाकार व पत्रकार. जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे. आई फ्लोरा वेलमन. ती ज्या ज्योतिष्याबरोबर राहत होती त्या विल्यम चेनीने पितृत्व साफ नाकारले. मुलाला ‘लंडन’ हे आडनाव मिळाले ते सावत्र वडिलांकडून. तान्हेपणी त्याला सांभाळले जेनी प्रेंटिस या कृष्णवर्णीय स्त्रीने. ती स्वतः गुलामगिरीतून सुटलेली होती.

त्याच्या लेखनातले साहस हे हौशी प्रवाशाचे नाही, पोटासाठी राबणाऱ्याचे आहे. ओकलंडमध्ये पोरवयातच तो डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात राबला. तिथल्या मजुरीला कंटाळून त्याने जेनीकडूनच उसने पैसे घेऊन होडी विकत घेतली आणि खाडीतल्या खासगी क्षेत्रांतली कालवे (खाण्याचे शिंपले) रातोरात चोरू लागला. पुढे हाच पठ्ठ्या अशा चोरांना पकडणाऱ्या गस्तीच्या नोकरीत शिरला! १८९३ मध्ये सीलच्या शिकारीला निघालेल्या जहाजावरून तो जपानकडे गेला. परतल्यावर तिथल्या वादळाचे वर्णन लिहून त्याने वृत्तपत्राच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवले. १८९४ मध्ये बेकारांच्या मोर्चाबरोबर निघून तो देशभर भटकला आणि भटकेगिरीच्या गुन्ह्याखाली महिनाभर तुरुंगात राहिला. त्याच्या समाजवादामागे पुस्तकांइतकाच हा अनुभव होता. बर्कलीच्या विद्यापीठातले शिक्षण मात्र पैशाअभावी वर्षभरही टिकले नाही.

१८९७ मध्ये सोन्याच्या शोधात तो कॅनडातील क्लोंडाइकला गेला. सोने जवळजवळ मिळालेच नाही. स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग जडला आणि पुढच्या वर्षी तो रिकाम्या हाताने परतला. शेकोटीभोवती ऐकलेल्या हकिकती, बर्फगाडी ओढणारे कुत्रे आणि तिथल्या युकॉन प्रदेशाचा हिवाळा एवढीच त्याची कमाई. त्यावरच पुढचे लेखन उभे राहिले. द सन ऑफ द वुल्फ (१९००) हा पहिला कथासंग्रह. द कॉल ऑफ द वाइल्ड (१९०३) या कादंबरीने तो जगभर पोचला. कॅलिफोर्नियातल्या सुखवस्तू घरातला बक हा कुत्रा चोरून उत्तरेत विकला जातो, मार खात गाडी ओढायला शिकतो आणि शेवटी लांडग्यांत मिसळतो. या पुस्तकाचे हक्क लंडनने प्रकाशकाला २,००० डॉलरना कायमचे विकून टाकले होते. व्हाइट फँग (१९०६) मध्ये उलटा प्रवास आहे : रानातला लांडगा-कुत्रा माणसाळतो. पहिलीतली धार दुसरीत नाही. ‘टू बिल्ड अ फायर’ (१९०८) ही कथा मात्र या दोन्हींहून सरस. उणे ७५ अंश फॅरनहाइटच्या थंडीत एकट्या माणसाला आग पेटवायची आहे, इतकेच तिचे कथानक.

सागरी अनुभवातून द सी-वुल्फ (१९०४) आली. लंडन शहराच्या ईस्ट एंड भागातल्या गरिबांत वेश बदलून राहून त्याने द पीपल ऑफ द ॲबिस (१९०३) लिहिले. द आयर्न हील (१९०८) मध्ये भांडवलदारांची हुकूमशाही रंगवली आहे. मार्टिन ईडन (१९०९) बरीचशी आत्मचरित्रात्मक. रोज हजार शब्द लिहिण्याच्या शिस्तीमुळे सुमारे पन्नास पुस्तके झाली; त्यांतली बरीच निव्वळ पैशासाठी लिहिल्याचे जाणवते. समतेचा कैवार घेणाऱ्या या लेखकाच्या लेखनात गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाच्या कल्पनाही ठिकठिकाणी आढळतात. हा विरोध झाकून त्याचे मूल्यमापन करता येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ग्लेन एलन येथे त्याने बांधलेले ‘वुल्फ हाउस’ हे दगडी घर राहायला जाण्याआधीच, १९१३ मध्ये, जळाले. मूत्रपिंडाच्या विकाराने चाळिसाव्या वर्षी तो तिथेच वारला. आत्महत्येची वदंता बराच काळ टिकली, पण बहुतेक चरित्रकार ती मानत नाहीत. रशियात त्याला अफाट वाचक लाभले. लेनिनच्या अखेरच्या दिवसांत पत्नी क्रुप्स्काया हिने त्याला लंडनची ‘लव्ह ऑफ लाइफ’ वाचून दाखवली, ती त्याला फार आवडली. दुसऱ्या दिवशी लंडनचीच आणखी एक कथा वाचली. तिच्यातली भांडवलशाही नीती ऐकून मात्र तो हसला आणि हाताने ती उडवून लावली.