वाळू कोण ढवळणार?

घरी खाऱ्या पाण्यातल्या माशांची नवी टाकी लावली की पहिले काही दिवस वाळू साखरेसारखी पांढरीशुभ्र असते. मग एका सकाळी तिच्यावर तपकिरी भुकटी दिसते. बोटाने ढवळली की नाहीशी होते, आणि दिवे लागून चार तास झाले की पुन्हा हजर. लगेच मनात येतं, हे खाणारा कुठला प्राणी आणता येईल?

प्राणी आणण्याआधी तो थर नीट पाहावा. तपकिरी भुकटी बहुधा डायटमची असते, म्हणजे सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशीय शैवालाची. नव्या टाकीतलं सिलिकेट संपत आलं की बऱ्याचदा काही आठवड्यांत ती आपसूक ओसरते. थर लालसर-जांभळा, चिकट, सालीसारखा सोलून निघणारा असेल आणि त्यात बुडबुडे अडकलेले असतील, तर ते सायनोबॅक्टेरिया. त्यांना आवडीने तोंड लावणारा प्राणी शोधूनही सहसा सापडत नाही. तिथे माशांचं खाणं कमी करून पाण्याचा प्रवाह वाढवावा. उरला तो गाळ, म्हणजे माशांची विष्ठा आणि उष्टं. प्राण्यांचा खरा उपयोग इथे.

त्यातही एक हिशेब लक्षात ठेवायला हवा. हे प्राणी घाण टाकीबाहेर नेऊन टाकत नाहीत. गोगलगायीने खाल्लेल्या तुकड्यातला काही नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यातच येतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. ते नायट्रेट काढायचं तर पाणी बदलायला बादली आपल्यालाच उचलावी लागते. प्राणी काय करतात, तर कुजण्याआधी उष्टं संपवतात, गाळाचा चुरा करतात आणि वाळूचा वरचा थर हलता ठेवतात.

उष्टं संपवण्यात नासारियस गोगलगायींचा हात कोणी धरणार नाही. दिवसभर त्या वाळूत गाडून घेऊन पडलेल्या असतात. वर दिसते ती फक्त एक बारीक नळी, इकडून तिकडे डोलणारी. तिच्यातून पाणी आत ओढून श्वास चालतो आणि वासही येतो. टाकीत कोळंबीचा एक तुकडा टाकून पाहा. मिनिटभरात वाळू ठिकठिकाणी फुगते, शंख वर येतात आणि एरवी सुस्त दिसणाऱ्या या बाया अक्षरशः धावत सुटतात. पण त्या मांसाहारी. डायटमचा थर खातील म्हणून आणल्या तर फसगत ठरलेली. तो थर सेरिथ गोगलगायी खातात. लांबट शंखाच्या या गोगलगायी बहुतेक रात्रीच कामाला निघतात.

माझा लाडका मात्र फायटिंग काँक. नावात भांडण असलं तरी टाकीत तो गरीब असतो. लांब देठांवरचे दोन डोळे आणि हत्तीच्या सोंडेसारखं तोंड असलेला हा शंख वाळूवरून सावकाश चरत जातो. उलटा पडला तर पायाला असलेलं कोयत्यासारखं झाकण वाळूत रोवून उसळी मारतो आणि सरळ होतो. टर्बो गोगलगायीला सपाट वाळूवर हे बऱ्याचदा जमत नाही. ती बिचारी काचेवर आणि दगडावरच बरी. काँक 8 ते 10 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, म्हणून लहान टाकीत एकच पुरे.

फसवणूक होते ती तारामाशापाशी. वाळू चाळणारा म्हणून विकला जातो तो अ‍ॅस्ट्रोपेक्टेन. वाळू तो चाळतो हे खरं, पण गाळासाठी नव्हे, शिकारीसाठी. वाळूतले किडे, बारीक कवचधारी जीव, छोटे शिंपले तो सगळेच्या सगळे गिळतो. त्याला गुदद्वार नसतं, त्यामुळे रिकामी कवचं तोंडावाटेच बाहेर टाकतो. म्हणजे वाळू जिवंत ठेवणारी फौजच हा फस्त करतो. ती संपली की उपासमार सुरू होते, आणि तो गाडलेला असल्यामुळे कळतही नाही. महिन्यांनंतर झिजलेल्या टोकांचे हात दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या मते घरच्या टाकीत तो आणूच नये.

डायमंड गोबीची गोष्ट थोडी वेगळी. हा मासा तोंडभर वाळू घेतो, आतले जीव गाळून घेतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांमधून सोडून देतो. पाहायला गंमत वाटते आणि वाळू चकचकीत होते. पण वाळू चकचकीत झाली म्हणजे त्याचं ताट रिकामं झालं. गोठवलेलं खाणं दिवसातून दोन-तीनदा तो घेत असेल, तरच आणावा. शिवाय टाकीला झाकण हवं, कारण तो उडी मारतो, आणि खाली ठेवलेल्या प्रवाळांवर वाळूचा पाऊस पडणार हे धरून चालावं.

समुद्रकाकडी या कामात सगळ्यांत सरस. ती वाळू गिळते, कणांवरचा सेंद्रिय थर पचवते आणि मागे स्वच्छ वाळूच्या लहान वळकट्या सोडते. ज्या वाटेने वाळू सोडते त्याच वाटेने ती श्वासही घेते, हे सहज सांगितलं. धोका तिच्या विषात आहे. पंपात अडकून ती चिरडली तर अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासे दगावू शकतात. पंपांच्या तोंडावर जाळी नसेल, तर तिचा विचार सोडून द्यावा. हर्मिट खेकडे वाळूवरचं उष्टं टिपतात खरे, पण नवा शंख हवा झाला की गोगलगायीलाच घराबाहेर काढतात, तेही जिवंत न ठेवता.

संख्येचं कोष्टक विचाराल तर मी देणार नाही. थोडे आणावेत, महिनाभर पाहावं, कमी वाटले तर वाढवावेत. माशांच्या आजारावर तांब्याचं औषध कधी टाकीत घातलं असेल, तर यातलं काहीच आणू नये, कारण गोगलगायी आणि काकड्या तांब्याने मरतात. आणल्यावर पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबाथेंबाने मिसळावं. क्षारतेतला झटका त्यांना माशांपेक्षा जास्त बाधतो.

आणि काही विकत आणण्याआधी एका रात्री, दिवे मालवून तासभर झाल्यावर, टॉर्च घेऊन टाकीसमोर बसा. दगडांखालून केसाळ, गुलाबी-तपकिरी किडे निघून वाळूवर चरताना दिसण्याची बरीच शक्यता आहे. लोक घाबरून त्यांना चिमट्याने ओढून काढतात. बहुतेक जातींचे हे किडे निरुपद्रवी असतात आणि दगडांबरोबर फुकट आलेले असतात. त्यांना राहू द्या, फक्त उघड्या हाताने धरू नका. ते केस बोटात मोडतात आणि दोन दिवस आग होत राहते.